पात्र, अपात्र आणि कथाकार

कथालेखनाकडे नव्याने वळणाऱ्याला काही प्रश्न हमखास पडतात. निवेदन प्रथमपुरुषी असावे की तृतीयपुरुषी? बोली संवादापुरती ठेवावी की निवेदनातही आणावी? आरंभ कोठे करावा आणि शेवट कोठे? व्यक्तिरेखेच्या कृतीला पुरेसे कारण दिले गेले आहे हे कसे ओळखावे? आपल्याकडे हे प्रश्न बहुधा तंत्राचे म्हणून शिकवले जातात आणि निवेदनमीमांसेची परिभाषा हाती आल्यापासून त्यांची उत्तरे अधिक नेटकेपणाने देता येतात. परंतु कथेचे द्रव्य यवतमाळ जिल्ह्यासारख्या भूमीतून येत असेल, तर यांतील प्रत्येक प्रश्नाला एक नैतिक बाजू असते. तंत्राचे उत्तर देताना लेखक तिचेही उत्तर नकळत देऊन बसतो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करता येईल. साहित्यविचारात 'पात्र' म्हणजे कथेतील व्यक्ती. शासकीय मराठीत 'पात्र' म्हणजे लाभास योग्य. शेतकरी आत्महत्येच्या संदर्भात हे दोन अर्थ एकमेकांच्या फार जवळ येतात. २००६ साली राज्य शासनाने ठरवलेल्या निकषांनुसार अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ते प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. पात्र प्रकरणी कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची ही तरतूद होती. निकषांचा गाभा असा: नापिकी; बँकेच्या, सहकारी संस्थेच्या वा परवानाधारक सावकाराच्या कर्जाची परतफेड न होणे; वसुलीचा तगादा. शिवाय जमीन कुटुंबातील कोणाच्या तरी नावे हवी. ज्याची शेती बटईची आहे, किंवा ज्याचे देणे सोयऱ्याधायऱ्यांचे अथवा विनापरवाना सावकाराचे आहे, त्याचा मृत्यू या चौकटीबाहेर पडतो.

समिती येथे एक कथानकच मागते. त्याला आरंभ हवा, तो कर्जाचा. मध्य हवा, तो नापिकीचा. शेवट हवा, आणि तो आधीच्या दोहोंतून अपरिहार्यपणे निघालेला हवा. मृताला दारूचे व्यसन होते, घरात भांडण होते, दुखणे होते, असे काही पुढे आले की कथानक सैल होते आणि मृत्यू अपात्र ठरण्याचा धोका वाढतो. घटनाक्रम संभाव्यतेच्या किंवा आवश्यकतेच्या नियमाने बांधला जावा, ही ॲरिस्टॉटलची अपेक्षा येथे कचेरीच्या टेबलावर येऊन बसलेली दिसते. मदतीचे निकष ठरवण्यावाचून शासनाला गत्यंतर नसेल. त्या व्यवहाराची चिकित्सा हा स्वतंत्र विषय आहे. प्रश्न कथाकाराचा आहे. नवोदिताची शेतकरीकथा पुष्कळदा हेच कथानक घेऊन येते: पाऊस गेला, कापसाला भाव मिळाला नाही, सावकार दारात आला, मुलीचे लग्न मोडले, आणि शेवटच्या परिच्छेदात मृत्यू. त्यात खोटे काहीच नसते. तरीही ही कथा मृताला दुसऱ्यांदा समितीपुढे उभे करते आणि वाचकाच्या करुणेला तो पात्र आहे एवढेच सिद्ध करते. जे सिद्धतेला उपयोगी नाही, म्हणजे त्याचा चिडखोरपणा, त्याची थट्टेखोर जीभ, पोळ्याच्या दिवशीचा त्याचा थाट, ते कथेतून गळते. असे सारे गळाल्यावर उरतो तो अर्ज.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. कारणे गौण मानली तर व्यवस्थेची जबाबदारी झाकली जाईल. माणसाच्या मनाचे गूढ पुढे करून कापसाचे अर्थकारण नजरेआड करणे ही लेखकाची पळवाटच होय. हा आक्षेप मान्य करावा लागतो. कोरडवाहू कापूस, त्याचा वाढता उत्पादनखर्च, भावाची अनिश्चितता, ही कारणे खरी आहेत आणि ती सांगितलीच पाहिजेत. परंतु परिस्थितीचे कारण आणि मृत्यूचे कारण यांत भेद आहे. त्याच शिवारात, तेवढ्याच कर्जात, त्याच वर्षी शेजारचा माणूस जगतो. परिस्थितीची कारणे कथाकाराने शक्य तितक्या नेमकेपणाने, आकड्यांसह मांडावीत. एका माणसाच्या अखेरच्या निर्णयाचे संपूर्ण स्पष्टीकरण आपल्यापाशी असल्याचा दावा मात्र त्याने करू नये. पहिल्या बाबतीत मौन ही बेपर्वाई ठरते, दुसऱ्या बाबतीत बोलकेपणा.

यातूनच निवेदकाचा प्रश्न उद्भवतो. दुसऱ्याच्या दुःखाला 'मी' म्हणण्याचा अधिकार कोणाला? मराठी कादंबरीला हा प्रश्न नवा नाही. १८५७ सालचे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' विधवांच्या दुःस्थितीसाठीच लिहिले गेले. तर १८९० नंतर 'करमणूक'मधून क्रमशः आलेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत हरि नारायण आपटे यांनी यमूला स्वतःची कहाणी स्वतःच सांगू दिली. तिचा 'मी' एका पुरुषाने लिहिला होता, आणि तरीही तो वाचकांना खरा वाटला. दलित साहित्याने पुढे स्वानुभूती आणि सहानुभूती यांतील अंतर दाखवून दिले, आणि ते विसरणे आता शक्य नाही. परंतु या भेदाचा अर्थ 'भोगणाऱ्यानेच लिहावे' एवढाच घेतला, तर इतरांची जबाबदारी सोयीस्करपणे संपते.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात हा प्रश्न प्रत्यक्ष व्यासपीठावर आला. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यानंतर उद्घाटन शेतकरी विधवा वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. या निवडीत गौरव होता, तसेच रिकाम्या जागी एका प्रतीकाची योजनाही होती. 'शेतकऱ्याची विधवा' ही भूमिका त्यांच्यासाठी ठरलेली होती. पण त्या 'तेरवं' या नाटकात भूमिका करणाऱ्या नटीही होत्या, आणि त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूकही लढवली. भूमिकेपेक्षा व्यक्ती मोठी निघाली. ज्या कथेला विधवेचे फक्त वैधव्यच हवे असते, तिच्यात या नटीला आणि या उमेदवार स्त्रीला जागा नसते. तेव्हा निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, याहून आधीचा प्रश्न असा: आपल्या कथेला नको असलेलेही काही या व्यक्तीपाशी शिल्लक राहिले आहे काय?

बोलीच्या बाबतीतही असेच. उद्धव शेळके यांच्या 'धग'पासून (१९६०) सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'पर्यंत (२००२) वऱ्हाडी बोलीने मराठी कादंबरीत आपले स्थान मिळवले आहे. त्यामुळे नवोदिताला वाटते की संवाद वऱ्हाडीत घातले की प्रामाणिकपणा साधला. पण यवतमाळ जिल्ह्याची भाषा एक नाही. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांत गोरमाटी बोलली जाते, केळापूर-झरीकडच्या पोडांवर कोलामी, काही भागांत गोंडी; वणीच्या बाजूला तेलुगूचा शेजार आहे. बंजारा शेतकऱ्याच्या मनातले विचार ठसठशीत वऱ्हाडीत लिहिणे म्हणजे एका प्रमाणाऐवजी दुसरे प्रमाण लादणे. आणि निवेदक शुद्ध ग्रंथिक मराठीत, शेतकरी तेवढा बोलीत, अशी वाटणी केली की विचार कोण करतो आणि नुसते सोसतो कोण, याचीही वाटणी होते. 'बारोमास'मधील एकनाथ हा उच्चशिक्षित शेतकरीपुत्र आहे. विचार करणे आणि सोसणे तेथे एकाच माणसात आहे, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची.

शेवटी आरंभ आणि अंत. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजीचा सामूहिक मृत्यू ही राज्यातील पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून सांगितली जाते. स्मरणासाठी अशी तारीख लागते. पण 'पहिली' म्हणताच त्याआधीचे नोंद न झालेले सारे कथेबाहेर जाते, हे कथाकाराने विसरू नये. शेवटाचेही तेच. मृत्यू अखेरीस ठेवला की वाचकाला हळहळून उठता येते. 'तेरवं' हे शीर्षक तेराव्या दिवसाकडे बोट दाखवते. त्या दिवशी पाहुणे परततात आणि घरच्या बाईपुढे पुढचा हंगाम उभा राहतो: बियाण्याचे पैसे, सातबाऱ्यावरचे नाव, शाळेत जाणारे मूल. मृत्यूने संपणारी कथा तिच्या आधीच उठून गेलेल्या पाहुण्यासारखी असते.

हे सारे मान्य करूनही एक अडचण उरते. जे पात्र ठरले नाहीत त्यांची कथा लिहिताना लेखकही निवड करतोच. कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे, हे तोही ठरवतो, आणि त्याच्या निर्णयावर अपील नाही. समितीला निदान निकष लेखी द्यावे लागतात. कथाकाराने आपले निकष स्वतःपुरते तरी लिहून काढावेत, आणि मगच पहिले वाक्य लिहावे.