पेरणी कोणासाठी?

शास्त्रभाग : निर्गम 23:10-11, योहान 6:26, 66



अमेरिकेत उन्हाळा सरता सरता, ऑगस्ट-सप्टेंबरात, पुष्कळ लोक रानालगतच्या तुकड्यात हिवाळी पीक पेरतात. राय, ओट, गहू, क्लोव्हर, सलगम. या पिकाने जमीन उघडी राहत नाही. मुळे माती धरून ठेवतात व क्लोव्हर हवेतला नत्र जमिनीला मिळवून देतो. कडाक्याची थंडी पडली की सलगमाच्या पाल्याला गोडी येते. भोवतालचे रान सुकलेले, हा तुकडा तेवढा हिरवा. मग पांढऱ्या शेपटीची हरणे संध्याकाळी तेथे चरावयास येतात, आणि पेरणारा जवळच्याच झाडावर मचाण बांधून बंदूक घेऊन बसलेला असतो!

आम्ही त्याला दोष लावीत नाही. हरिण हे शुद्ध अन्न आहे असे अनुवाद 14:5 सांगते. शिकारीचा हंगाम तेथे ठरलेला असतो, आणि 1937 च्या कायद्याप्रमाणे बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या संवर्धनाला जातो. मारलेल्या हरणाचे मांस भुकेल्यांना वाटणारेही आहेत. आपल्या देशात 1972 च्या कायद्याने हरणाच्या शिकारीस बंदी आहे. म्हणून आपल्यापुढे प्रश्न शिकारीचा नाही, पेरणीचा आहे.

मिसुरी राज्यात मक्याचा ढीग घालून हरिण मारणे गुन्हा आहे. पेरलेल्या पिकावर मारलेले चालते. कायद्याला ढीग दिसतो, पेरणाऱ्याचे मन दिसत नाही. ते देवाला दिसते.

निर्गमात देवाने इस्राएलास सांगितले की, सातव्या वर्षी जमीन पडीत ठेवावी, म्हणजे तीत उगवेल ते गरिबांनी खावे व उरेल ते रानातल्या पशूंनी खावे. या शेतातही हरिण चरते. त्याला दोन्ही शेते सारखीच हिरवी दिसतात. पण एका शेताच्या कडेला मचाण आहे, दुसऱ्याच्या कडेला नाही.

आपल्या शेताचे काय? एका नाताळात आम्ही वस्तीतल्या मुलांना वह्या वाटल्या. पुढच्या रविवारी निम्मी मुले शाळेला आली नाहीत, तेव्हा आम्ही रागावलो. एक लहान मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “मग वही परत देऊ का?” त्या क्षणी आमचे मचाण आम्हांस दिसले. वही आम्ही मुलीला दिली नव्हती. हजेरीपटाला दिली होती.

आजाऱ्याला भेटताना, विधवेला धान्य देताना, पाहुण्याला जेवू घालताना आपण मनात कोठे बसलेले असतो? कमिटीच्या निवडणुकीतील मत, अहवालातील आकडा, चारचौघांतली वाहवा, यांच्यासाठी तर आपण टपून बसलेलो नाही ना?

लोक भाकरीसाठी आपल्यामागे येतात हे प्रभूला ठाऊक होते, आणि तसे त्याने उघड सांगितलेही. तरी त्याने पाच हजारांना आधी पोटभर जेवू घातले होते. पुढे त्याचे वचन कठीण वाटून पुष्कळ शिष्य परत फिरले. त्याने त्यांना अडविले नाही की खाल्लेल्या भाकरीचा हिशेब मागितला नाही. ज्याच्या शेतातून मोकळेपणी निघून जाता येते, त्याच्याकडेच माणूस भरवशाने परत येतो.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनो, बी भरपूर पेरा, पण मचाण उतरवा. त्या मुलीला आम्ही काय उत्तर दिले? “वही तुझीच आहे, बाळ, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.” हे वाक्य वही देतानाच बोलण्याची बुद्धी प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.