चालणारी चांदणी

पेंचला गेलो तेव्हा सॅकमध्ये कपड्यांपेक्षा सामानच जास्त होतं. मिररलेस कॅमेरा, १३५ मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉड आणि ताऱ्यांच्या मागोमाग कॅमेरा हळूहळू फिरवणारा वीतभर ट्रॅकर. २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, आणि माझ्या पुण्यातल्या गच्चीवरून मृगाच्या बाणापलीकडे फारसं काही दिसत नाही.

होमस्टेच्या काकांनी अंगणातले दिवे मालवले आणि खुर्ची टाकून शेजारी बसले. बाणाखालच्या फिकट ताऱ्यांत मृगातला तेजोमेघ आहे, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. बायनॉक्युलरमधून काकांना राखाडी डाग दिसला. मलाही तेवढाच. मधेच एक उपग्रह त्याच्याजवळून सरकत गेला, तेव्हा मात्र काका उठून उभे राहिले.

एकेका मिनिटाच्या ९० फ्रेम्स घेतल्या. सकाळी लॅपटॉपवर स्टॅक केल्या, रंग वर ओढले आणि काकांना दाखवलं. लालभडक ढग. काका बराच वेळ बघत राहिले.

"मले तं असं नाही दिसलं जी. अन् थे चालणारी चांदणी कुठं गेली?"

लाल रंगाचं उत्तर माझ्याकडे होतं. तिथला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश खरंच सोडतो. अंधारात आपल्या डोळ्यांना तो कळत नाही, माझ्या कॅमेऱ्यातला फिल्टरही बराचसा अडवतो, म्हणून मी वाढवला. यात मला खोटं वाटत नाही. बहिऱ्या माणसासाठी आवाज मोठा केला तर गाणं खोटं होत नाही.

चांदणीचं काय? ९० फ्रेम्स एकत्र केल्या की नॉइज साधारण साडेनऊ पट कमी होतो. त्याच वेळी जे एकाच फ्रेममध्ये आहे आणि बाकीच्यांत नाही, ते सॉफ्टवेअर चूक समजून टाकून देतं. मी ऑफिसात डेटामधले आउटलायर रोज असेच काढतो, कधी थांबून बघत नाही. इथे मात्र त्या रात्री शेजारच्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली सगळ्यात भारी गोष्ट मी पुसली होती. आणि जे त्यानं पाहिलंच नाही, ते 'खरं' म्हणून त्याच्यापुढे धरलं होतं. न दिसणारं दाखवणं आणि दिसलेलं गाळणं, दोन्हीला आम्ही 'प्रोसेसिंग' म्हणतो.

काकांना ती एक कच्ची फ्रेम पाठवली, पांढऱ्या रेषेसकट. दाणेदार आहे. त्यांनी ती स्टेटसला ठेवली.

इन्स्टावर मी लालच टाकला. नव्वद फ्रेम्स, लाल वाढवलाय, उपग्रह काढलाय, असं कॅप्शनमध्ये लिहिलंय. पण ते 'मोअर' दाबल्यावर दिसतं.