सूत नाही कातले तर

सेवाग्रामच्या आश्रमात प्रार्थनेला जो कोणी पहिल्यांदा येऊन बसतो, त्याच्या कानावर आरंभीच काही अनोळखी अक्षरे पडतात. ईशावास्य, कुराणातील आयत, बाकीच्या धर्मांची वचने हे सारे नंतर येते; आधी येतो तो एक जपानी बौद्ध मंत्र. वर्धा जिल्ह्यातल्या आम्हा मंडळींना त्याचे नवल उरलेले नाही. पण बाहेरगावचा पाहुणा हटकून विचारतो, हे जपानी इथे कुठून आले? आणि त्याला उत्तर देता देता मी दर वेळी एका जुन्या प्रश्नाशी येऊन अडखळतो.

उत्तर तसे सोपे आहे. १९३३ साली निचिदात्सु फुजी नावाचे एक जपानी भिक्षू वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. आपल्याकडे त्यांना पुढे फुजी गुरुजी म्हणू लागले. ते निचिरेन पंथाचे. हा निचिरेन तेराव्या शतकातला. भारतातून पूर्वेकडे आलेला बुद्धाचा धर्म एके दिवशी उलट वाटेने भारतात परत जाईल, अशी त्याची श्रद्धा होती. ती खरी करण्यासाठीच फुजी हिंदुस्थानात आले होते. पुढे त्यांच्या परंपरेतला एक भिक्षू सेवाग्रामला राहिला. जवळ एक लहानसा ढोल, मुखी मंत्र, आणि उरलेल्या वेळात आश्रमातले पडेल ते काम. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि सरकारने त्याला आश्रमातून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून जपानी जनतेला एक अनावृत पत्र लिहिले. चीनवरील आक्रमणाबद्दल त्यात कडक शब्द आहेत, पण मध्येच या भिक्षूची आठवणही आहे. एखादा जिवलग सहकारी गेल्यासारखी त्याची उणीव भासते, आणि त्याची प्रार्थना व त्याचा ढोल आमच्यापाशी राहिला आहे, अशा आशयाचे ते लिहिणे आहे.

आता खरे पाहता हा भिक्षूही मिशनरीच की! परक्या देशातून आलेला, आपला धर्म इथे रुजावा अशी मनीषा बाळगणारा. आणि त्याच काळात, त्याच वर्ध्यात, ख्रिस्ती मिशनऱ्यांशी गांधीजींचा वाद चालू होता. १९३६ मध्ये जॉन मॉट हे जगभर फिरलेले अमेरिकन धर्मप्रसारक त्यांना भेटून गेले. शाळा काढा, दवाखाने काढा, पण त्यांच्या आडून माणसाचा धर्म पालटण्याचा हेतू मनात ठेवू नका, हे गांधीजींचे म्हणणे. गुलाबाला आपल्या सुगंधाचे व्याख्यान द्यावे लागत नाही, हा त्यांचा आवडता दृष्टांत. माझ्या एका ख्रिस्ती स्नेह्यांनी मला एकदा रोखठोक विचारले, “भिक्षूचा मंत्र तुम्ही प्रार्थनेत घेतलात आणि पाद्र्याला मात्र गुलाबाची गोष्ट सांगितलीत. हा पक्षपात नव्हे काय?”

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे जपानचा इतिहास वाचताना थोडेफार सुचले. कारण भिक्षू जसा तिकडून इकडे आला, तसे इकडच्या जगातले पाद्रीही तिकडे गेले होते, आणि गेले ते हातात इंग्रजीचे पुस्तक घेऊन.

१८५९ मध्ये जपानची काही बंदरे परकीयांना खुली झाली, तेव्हा पहिल्या वर्षीच जे मिशनरी तिथे उतरले त्यांत मूळचे हॉलंडचे ग्विदो व्हरबेक होते आणि अमेरिकन डॉक्टर जेम्स हेपबर्न होते. ख्रिस्ती धर्माला जपानात तेव्हा सक्त बंदी होती. तशा आज्ञेच्या पाट्या चव्हाट्यावर लावलेल्या असत, आणि त्या उतरल्या १८७३ मध्ये. मग या माणसांनी करावे काय? हेपबर्न औषधे देऊ लागले आणि जपानी शिकू लागले. १८६७ मध्ये त्यांचा जपानी-इंग्रजी कोश निघाला. त्यांच्या पत्नी घरी मुलांना इंग्रजी शिकवीत. व्हरबेक नागासाकीला सरकारी शाळेत इंग्रजीचे शिक्षक झाले. धर्म सांगायला आलेला माणूस व्याकरण सांगत बसला. मनात हेतू होताच, आणि गंमत अशी की तो विद्यार्थ्यांनाही ठाऊक होता. ओकुमा शिगेनोबु हा तरुण सामुराई त्यांच्यापाशी इंग्रजी शिकताना बायबलचा नवा करार वाचीत होता, अमेरिकेची राज्यघटनाही वाचीत होता. त्याने भाषा घेतली, घटनेतले विचार घेतले आणि धर्म होता तिथे ठेवून दिला. पुढे तो पंतप्रधान झाला. आज जे वासेदा विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध आहे ती संस्था त्याने १८८२ मध्ये काढली. आपल्याकडच्या बाजारात चोखंदळ बाई जशी भाजी निवडते, तशी त्या पिढीने पाद्र्यांची टोपली निवडली. व्हरबेक यांनी म्हणून काही शिकवणे टाकले नाही. ते पुढे सरकारचे सल्लागार झाले आणि १८९८ मध्ये तोक्योतच वारले. जपानात ख्रिस्ती लोक आजही शेकडा एकाच्या आसपासच आहेत.

हे वाचल्यावर माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे मी निराळ्या बाजूने पाहू लागलो. तोवर मी हेतूचीच चौकशी करीत होतो. हेतू कोणाचा शुद्ध, कोणाचा मिश्र? पण हेतू नसलेला शिक्षक मी तरी पाहिलेला नाही. पाहायला हवे होते ते शिकणाऱ्याकडे. त्याला ‘नको’ म्हणता येते का? आणि ‘नको’ म्हटल्यावर त्याचे काय होते? ओकुमाला नको म्हणता येत होते. त्याच्या पाठीशी त्याची तलवार होती, कुळ होते, जागे होत असलेले राष्ट्र होते. आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या शेतमजुराला, ज्याचे पोर तापाने फणफणते आहे आणि पंचक्रोशीत मिशनचाच काय तो दवाखाना आहे, त्याला तितक्या मोकळेपणाने नको म्हणता आले असते का? आणि ज्या इंग्रजीच्या मागे साम्राज्याची नोकरी उभी आहे, ते शिकविणाऱ्याला? सेवाग्रामच्या भिक्षूजवळ ना नोकरी होती, ना औषध. त्याचा ढोल ऐकून कोणी उठून गेला असता, तर त्याचे काहीही बुडणार नव्हते. पक्षपात दिसला तो बहुधा याच ठिकाणी होता.

अर्थात जपानची गोष्ट इतकी सरळही नाही. सापोरोच्या शेतकी कॉलेजात क्लार्क नावाचे अमेरिकन प्राध्यापक १८७६ मध्ये आले, जेमतेम आठ महिने राहिले, आणि पहिल्या तुकडीतील विद्यार्थ्यांकडून ख्रिस्तावरील श्रद्धेच्या एका करारावर सह्या घेऊन गेले. दुसऱ्या तुकडीत उचिमुरा कान्झो हा सोळा वर्षांचा मुलगा होता. क्लार्कना त्याने तोवर पाहिलेही नव्हते. वरच्या वर्गातील मुलांनीच त्याच्यामागे लकडा लावला, आणि मनाविरुद्ध त्याने सही केली. हे त्यानेच पुढे आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. पण तोच उचिमुरा जपानचा सर्वांत तेजस्वी ख्रिस्ती विचारवंत झाला. १८९१ मध्ये सम्राटाच्या सहीच्या आज्ञापत्रापुढे त्याने पुरेसे वाकून नमन केले नाही आणि त्यापायी शिक्षकाची नोकरी गमावली. परदेशी मिशनांपासूनही तो दूर राहिला आणि चर्चवाचूनचा ख्रिस्ती धर्म सांगत राहिला. म्हणजे बळजबरीच्या सहीतून इतकी खरी श्रद्धा उगवली. याचे काय करायचे? मला हा हिशेब अजून सुटलेला नाही.

आमच्या सेवाग्रामलाही ख्रिस्ती शिक्षक होतेच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या द्वारा सात वर्षांचे शिक्षण द्यावे, त्यात इंग्रजी नको, असे जे ठरले त्याची धुरा आर्यनायकम् पतिपत्नींनी वाहिली; त्यांतले आर्यनायकम् सिलोनचे ख्रिस्ती. आणि १९४९ मध्ये मार्जरी साइक्स आल्या. या इंग्रज बाई १९२८ मध्ये मद्रासला मुलींच्या मिशन शाळेत शिकवायला आल्या होत्या. तिथे तमिळ शिकल्या, क्वेकर पंथात गेल्या, शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकल्या, आणि सेवाग्रामला आल्यावर सुमारे दहा वर्षे खेड्यांतले शिक्षक घडवीत राहिल्या. जिथे इंग्रजीला स्थान नाही, तिथे इंग्लंडची ही बाई शिकवायला आली, हे मला फार मोठे वाटते. हातातली सत्ता तिने उंबऱ्याबाहेर ठेवली होती.

आता माझेच सांगतो, म्हणजे दुसऱ्यांचे हेतू तपासण्याचा माझा अधिकार किती ते कळेल. १९६० नंतरच्या काळात मी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. डोक्यात नई तालीम, अंगात खादी. हायस्कुलात जायचे तर इंग्रजी हवे, म्हणून गावातली आठदहा मुले संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागली. मी फी घेत नसे. फक्त शिकवणीआधी अर्धा तास टकळीवर सूत कातायचे, एवढा नियम. त्यात मला काही गैर दिसत नव्हते. उलट, पाद्री इंग्रजीच्या पाठोपाठ बायबल देतो, आपण तर स्वावलंबन देतो, असा एक सूक्ष्म अहंकारच होता. गावात इंग्रजी जाणणारा दुसरा कोणी नव्हता, हे सांगायला हवे.

एका सालदाराचा मुलगा होता, बुद्धीने तल्लख, पण टकळी त्याच्या हाती टिकत नसे. धागा सारखा तुटायचा. दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबून आलेली बोटे ती. एके दिवशी त्याने टकळी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे पाहून विचारले, “गुरुजी, मी सूत नाई कातलं त तुमी मले इंग्रजी शिकवान का नाई?”

पोरे गप्प झाली. मी हसलो आणि म्हणालो, “अरे, कातशील हळूहळू.” म्हणजे उत्तर दिले नाही. त्याने ते ओळखले असावे.

दुसऱ्या दिवशी तो सर्वांआधी आला. कागदात गुंडाळलेले वीतभर गाठागाठीचे सूत त्याने माझ्यापुढे ठेवले. ते त्याने कातले होते की कोणाकडून मागून आणले होते, ते मी विचारले नाही.

“हे घ्या, गुरुजी,” तो म्हणाला, “आता शिकवा.”

मी ते घेतले, आणि पुस्तक उघडले.