बरी हाय

दर रविवारी दिवेलागणीनंतर माढ्याहून आज्जीचा फोन येतो. "ऐकू येतंय का गं?" एवढं विचारून ती बातम्या सुरू करते. आधी मोडनिंब, कारण ते तिचं माहेर. मग बार्शीची, कुर्डुवाडीची, करमाळ्याची. मग घरातली माणसं आणि शेवटी गोठा. लेकींची नावं ती घेत नाही. ज्या गावी दिली त्या गावानं लेक ओळखायची, ही आमच्याकडची रीत. बार्शीचीचे गुडघे धरलेत. कुर्डुवाडीचीच्या नातवाला चाकणला काम लागलं. करमाळ्याची बरी हाय.

पुष्कळ वर्षं मी हे भाजी निवडता निवडता, हं हं करत ऐकलं. म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा, यापलीकडे त्याला किंमत दिली नाही. आता मात्र मला वाटतं, घराण्याची नोंद ठेवण्याच्या आपल्याकडच्या सगळ्या व्यवस्थांत ही सर्वांत खरी आहे. आणि सर्वांत दुबळीही.

बाकीच्या व्यवस्था काय नोंदवतात ते पाहावं. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात, वही उघडून घराण्याचा वंश वाचून दाखवतात, धान्य घेऊन पुढच्या दारी जातात. या वह्यांचं मोल मोठं आहे. पण त्यांचा धागा बाप, आजा, पणजा असा पुरुषांतून जातो. लेक लग्न होऊन गेली की घराच्या पानावरून ती उठते. दुसऱ्या घराच्या पानावर आलीच तर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणून येते. सातबाऱ्याचंही कालपरवापर्यंत तसंच होतं. आज्जीच्या बातमीत मात्र लेक लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांनीही दर आठवड्याला घरी येते. तिच्या गुडघ्यांसकट, तिच्या नातवांसकट.

आज्जीला लिहिता येत नाही. पत्रांच्या काळात ती सांगायची आणि वडील आंतरदेशीय पत्रावर उतरवायचे. ती तासभर बोले. कागदावर उतरे ते इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, पाऊस बरा आहे. मधलं सगळं गळून जायचं. लिहिणाऱ्याला ते लिहिण्याजोगं वाटत नसे. कोपरा फाटलेलं कार्ड आलं की कुणीतरी गेलं आणि हळदीचं बोट लागलेलं आलं की लग्न ठरलं, एवढं तिला न वाचता कळत असे. तिची बातमी तिच्या स्वतःच्या शब्दांत दुसऱ्या गावी पोचली ती हातात मोबाइल आल्यावरच. तोपर्यंत तिची पंचाहत्तरी जवळ आली होती.

त्याआधी ती बोलत होती ते जात्याशी. गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, त्या संग्रहात आज लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या चाळताना मला आज्जीचा फोन ऐकल्यासारखं होतं. भाऊ आला का, लेक कशी आहे, सासू काय म्हणाली, पंढरीच्या वाटेवर कोण भेटलं. पहाटेच्या अंधारात एकटीनं दगडाला सांगितलेली घरची हालहवाल. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा हातांचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. त्या कष्टांबद्दल हळहळण्याचा हक्क त्या न उपसलेल्या आपल्यासारख्यांना नाही. पण सांगायची जागा त्याबरोबर गेली, आणि पुढे कितीतरी वर्षं दुसरी मिळाली नाही.

आज्जीची कालगणना वेगळी आहे. तिचं लग्न झालं ते सालानं तिला सांगता येत नाही. वऱ्हाड बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं मोडनिंबहून कुर्डुवाडीला आलं आणि तिथे मोठ्या गाडीत बसून माढ्याला उतरलं, हे सांगता येतं. कुर्डुवाडी ते पंढरपूर ही अरुंद रुळांची वाट १९०६ सालची. आता तिथे रुंद रूळ आहेत. धाकटी आत्या बहात्तरच्या दुष्काळात चालायला लागली, तीही पाझर तलावाच्या कामावर, खडीच्या ढिगाशेजारी. आज्जी खडी फोडायची आणि मिळालेल्या सुकडीतली मूठभर पदराला बांधून घरी आणायची. माझा जन्म किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षीचा. त्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ ला, आमच्या माळवदाची माती पाळण्यात पडली, ती तिनं पदरानं पुसून काढली. दुष्काळाला किती कोटी लागले आणि भूकंपात किती माणसं गेली, याचे अहवाल निघतात. सुकडीची मूठ आणि पाळण्यातली माती आज्जीपाशी आहे. ती विसरली की या गोष्टी कुठेही सापडणार नाहीत.

तिची श्रद्धाही या बातमीला लागूनच आहे. मोडनिंबपासून अरण जवळ. सावता माळ्यांचं गाव ते, त्यांची समाधी तिथेच. पंढरपूर असं हाकेच्या अंतरावर असून सावता महाराज मळा सोडून वारीला गेले नाहीत, पांडुरंगच त्यांच्याकडे आला, ही कथा त्या पट्ट्यात पोरासोरांना ठाऊक असते. आषाढीला महाराष्ट्रभरातून संतांच्या पालख्या पंढरीला जातात. अरणला मात्र, सावतोबांच्या पुण्यतिथीच्या वेळी, पंढरपुराहून पांडुरंगाचीच पालखी येते. त्यांचे अभंगही त्यांनी लिहून ठेवलेले नाहीत, ते काशिबा गुरवांनी उतरवून घेतले असं सांगतात.

आज्जी याच गोष्टीवर वाढली. नवरात्रात माढेश्वरीला ती न चुकता जाते, पण रोजचा देव विठ्ठल, आणि त्याला भेटायला कुठे जावं लागतं असं तिला वाटत नाही. दिवा लावला की ती त्याला बातम्या सांगते. तोच क्रम असतो, मोडनिंबपासून गोठ्यापर्यंत. मागत काहीच नाही. मी एकदा विचारलं, "आज्जी, देवाला हे ठाऊक नसतं का?" ती म्हणाली, "आसंल की. पर आपण सांगावं. सांगितलं न्हाय तर त्यो कशाला इचारंल?" मला यात तिच्या श्रद्धेचं सगळं रूप दिसतं. प्रत्येकाची दखल घ्यायची, रोज घ्यायची, कुणाला गाळायचं नाही. हे काम आहे. सावतोबांच्या खुरपणीइतकंच नेटाचं.

एवढ्यावर लेख थांबवता आला असता. पण करमाळ्याच्या आत्याबद्दल सांगितल्याशिवाय तो खरा होणार नाही.

ती तिथे दिली तेव्हा उजनीच्या धरणाचं काम संपत आलं होतं. १९८० साली धरण पुरं झालं. भीमाकाठची तिच्या सासरची काळी जमीन पाण्याखाली गेली, मोबदला आला तसा संपला, नव्या गावठाणात हाताला काम नाही आणि नवरा प्यायला लागला. धरणानं माढ्याकडे ऊस आला, केळी आल्या, आमच्या घराला पक्कं छत आलं. त्याच पाण्याच्या दुसऱ्या काठावर आत्या मार खात होती. आणि आमच्याकडे बातमी येत होती ती दोनच शब्दांची: बरी हाय.

बाकीच्या लेकींच्या बातमीत गुडघे असायचे, नातवंडं असायची, भांडणंसुद्धा असायची. करमाळ्याचीच्या बातमीत दुसरं काही आलंच तर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर जुनं गाव दिसायला लागलं, एवढंच. हा फरक मला फार उशिरा कळला. घरातल्या बायकांना तो पहिल्या दिवसापासून कळत होता. नुसतं "बरी हाय" आलं की बार्शीची आत्या काही ना काही निमित्त काढून तिकडे जायची. कधी शेंगांची चटणी, कधी कडक भाकऱ्या घेऊन. रात्रीची राहायची. ती असली की त्या रात्री घर शांत असायचं.

दोन वर्षांपूर्वी मी करमाळ्याच्या आत्याला सरळच विचारलं, की आज्जीला माहीत होतं का. ती म्हणाली, "आईला सगळं ठाव होतं. म्हैन्याला कुणी ना कुणी येऊन जायचं. पर घरी न्ह्यायला कुणी आलं न्हाय."

या वाक्यानं माझी बरीच भाबडी कल्पना मोडली. आज्जीच्या बातमीनं लेकीला आठवणीत ठेवलं, देवापुढे ठेवलं, एखादी रात्र मारापासूनही वाचवलं. परत आणायची ताकद तिच्यात नव्हती. "बरी हाय" या दोन शब्दांनी बायकांना खूण पटत होती आणि पुरुषांना न कळल्याची सोय होत होती. माझे वडील आजही म्हणतात, आम्हाला कुणी काही बोललंच नाही. ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी शब्द ऐकले होते.

लेकीला परत आणायचं तर घरात तिची जागा लागते, आणि जागा कागदावर लागते. १९९४ साली महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण तोवर ज्यांची लग्नं झाली होती त्यांना त्यातून वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ साली बाप हयात असण्याचं कारण नाही. कायदा इथवर आला. आमच्या घरात २००९ साली आजोबा गेल्यावर तिन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, प्रत्येकीला साडीचोळी झाली, जेवणं झाली. करमाळ्याच्या आत्यानंही सही केली. जमीन मागितली तर माहेर तुटेल, ही भीती तिघींनाही होती, आणि तिघींत तिलाच माहेर सर्वांत जास्त लागत होतं. त्या दिवशी पंगतीत वाढायला मी होते. मला काहीही खटकलं नाही.

म्हणून आज्यांच्या आठवणी जपाव्यात, ध्वनिमुद्रण करून ठेवावं असं कुणी म्हटलं की मी मान डोलावते, पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. ऐकणाऱ्यानं पुढे काय केलं, हा प्रश्न उरतोच. आज्जीची बातमी चाळीस वर्षं नेमानं येत राहिली. ती ऐकून उठायचं काम आमचं होतं. आज्जीनं देवाला सांगितलं, लेकींना सांगितलं, पण ज्यांच्या हातात उतारा होता त्यांच्यासमोर तिनं आवाज चढवला नाही. याचा मला तिच्यावर रागही येतो. खडी फोडलेल्या हातांवर असा राग धरणं बरोबर आहे का, हे मला ठरवता येत नाही, आणि राग जातही नाही.

गेल्या वर्षापासून मी वही केली आहे. रविवारी ती सांगते तसं, तिच्या शब्दांत, तारीख घालून लिहिते. मध्ये मी तोडत नाही. मागच्या महिन्यात मी गावी गेले होते, तेव्हा फोनऐवजी समोर बसूनच बातम्या झाल्या. वडील पलीकडे खाटेवर होते. मोडनिंबच्या भावकीत लग्न निघालंय. बार्शीची गुडघ्याला तेल लावते. कुर्डुवाडीचीकडं पाणी चार दिवसांआड येतंय. मग त्याच सुरात, जराही न थांबता ती म्हणाली, "हे राहतं घर माज्या नावावर हाय. निम्म्याला करमाळ्याचीचं नाव लावायचं म्हंते. तिला येऊन ऱ्हाऊ द्या हितं." वडील उठून बसले. काही बोलले नाहीत. मी लिहीत होते, हात थांबला. आज्जीनं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे बोट केलं आणि मी लिहून होईपर्यंत गप्प राहिली.

मग म्हणाली, "गाय व्याली परवा. कालवड झाली."