हौसेला मोल नाही

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपण इतक्या वेळा बोलतो की, तिचे दोन अर्थ होतात हे सहसा ध्यानात येत नाही. लेकीच्या पहिल्या दिवाळसणाला बाप ऐपतीबाहेर खर्च करतो तेव्हा आपण ही म्हण कौतुकाने उच्चारतो. हौस अनमोल आहे, तिची किंमत करू नये, असा तेव्हा तिचा अर्थ असतो. पण गावच्या नाटकात रात्र रात्र जागून पडदा ओढणाऱ्या पोराने गाडीभाड्याचे पैसे मागितले, तर “अरे, तू तर हौसेने आला होतास ना?” असे म्हणून त्याला वाटेला लावतात. म्हण तीच, पण आता हौसेला मोल नाही म्हणजे तिला कवडीची किंमत नाही! पहिल्या अर्थावरून माणूस दुसऱ्या अर्थावर केव्हा घसरतो, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. आणि त्याचा कस पाहायला आयर्लंडातल्या खेळाच्या मैदानांइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

आयर्लंड हे नाव आपल्याला तसे परके नाही. लोकमान्यांनी १९१६ साली होमरूल लीग काढली, तिचे नावच मुळी आयरिश लोकांच्या चळवळीतून आलेले. त्या चळवळीच्या भराच्या काळात, १ नोव्हेंबर १८८४ रोजी, टिपररी परगण्यातल्या थर्ल्स या गावी एका हॉटेलात मूठभर माणसे जमली. त्यांना बोलावणारा मायकेल क्युसॅक हा पेशाने शिक्षक होता. इंग्रजांचे खेळ देशभर पसरत आहेत आणि आपले जुने खेळ मरत आहेत, याची त्याला खंत होती. त्या बैठकीतून गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था निघाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे दोन मुख्य खेळ. दोन्हींत बाजूला पंधरा-पंधरा गडी. हर्लिंगमध्ये अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाशी चपटी आणि रुंद अशी काठी असते. तिने लहानसा कठीण चेंडू असा भिरकावतात की नवख्या प्रेक्षकाची नजर त्याच्या मागे पोहोचत नाही. बायका हाच खेळ खेळतात, त्याला कमोगी म्हणतात. २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत हर्लिंगची नोंद केली.

आता नवलाची गोष्ट पाहा. डब्लिनच्या क्रोक पार्क या मैदानात ८२ हजारांवर माणसे बसतात, आणि अंतिम सामन्याला ती पुरी भरतात. तिकिटांना दाम पडतात, दूरचित्रवाणीवर सामने दाखवतात, जाहिराती असतात. पण ज्याच्यासाठी हे सारे लोक जमतात त्या खेळाडूला पगार नाही. तो हौशी आहे. तो आपल्या गावच्या क्लबाकडून खेळतो, आणि चांगला निघाला तर आपल्या परगण्याकडून. रविवारी हजारोंनी त्याच्या नावाचा घोष केलेला असतो, आणि सुटी संपली की तो आपल्या शेतावर, कचेरीत नाही तर शाळेत हजर असतो. किलकेनीच्या हर्लिंग संघाला अकरा अजिंक्यपदे मिळवून देणारा मार्गदर्शक ब्रायन कोडी हा प्राथमिक शाळेचा शिक्षक होता, हे वाचून माझ्यासारख्या मास्तराची छाती उगाचच फुगली.

२० जुलै २०२५ चा हर्लिंगचा अंतिम सामना पाहा. कॉर्कचा संघ मध्यंतराला सहा गुणांनी पुढे होता. २००५ नंतर त्यांना अजिंक्यपद मिळाले नव्हते. वीस वर्षांची आस आता पुरी होणार असे वाटत होते. उत्तरार्धात मात्र त्यांना जेमतेम दोन गुण करता आले आणि टिपररीने त्यांना पंधरा गुणांनी हरवले. धंदेवाईक खेळाडू असा हरला तर निदान महिनाअखेर त्याचा पगार होतो. या मुलांच्या पदरी काय? पराभव, आणि वर्षभराच्या मेहनतीचा शीण.

ती मेहनत किती, याचा एक अभ्यास आयर्लंडातल्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केला. परगण्याच्या वरिष्ठ संघातला खेळाडू सराव, प्रवास, व्यायाम, सामने असे सगळे धरून आठवड्याचे ३१ तासांपर्यंत खेळाला देतो, असे त्यात निघाले. म्हणजे पोटासाठी एक नोकरी आणि हौसेसाठी जवळजवळ दुसरी! हे तास कोठून येतात? झोपेतून येतात, बायकामुलांच्या वाट्यातून येतात, अभ्यासातून येतात.

यावर एक सरळ उत्तर तयार असते: “त्याला कोणी जबरदस्ती केली? झेपत नसेल तर सोडून द्यावे!” उत्तर ऐकायला चोख वाटते, पण जरा खोलात जावे. मजुराच्या श्रमाला दर असतो, म्हणून त्याला हद्दही असते. आठ तास झाले की तो अवजार खाली ठेवतो. जास्त काम हवे असेल तर जास्त दाम मोजा म्हणतो. पैसा ही मोठी रुक्ष वस्तू खरी, पण घेणाऱ्याच्या हाताला ती आवर घालते. हौसेने देणाऱ्याजवळ असे कोणतेच माप नसते. शेजारच्या परगण्याचा संघ आठवड्याला चार दिवस सराव करतो असे कळले की आपला संघ पाच दिवस करतो. मग शेजारी सहाव्या दिवसाच्या मागे लागतात. यात कोणी दुष्ट नाही. पण जो एकटा थांबेल तो हरेल, म्हणून कोणीच थांबत नाही. आणि ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य तरी किती? ज्या गावात जन्म गेला, जेथे दर रविवारी देवळाच्या दारात सगळे भेटतात, तेथे “यंदा मी खेळत नाही” म्हणणे सोपे नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रेमाने देणाऱ्याची मर्यादा त्याने स्वतः ठरवायची नसते. ती त्याला ठरवता येत नाही. प्रेमाचा स्वभावच तसा आहे. ती ठरवण्याचे ओझे घेणाऱ्यावर असते. हर्लिंगमध्ये शिरस्त्राणाची गोष्ट पाहा. काठ्या आणि कठीण चेंडू यांच्या त्या गर्दीत पुष्कळ जुने खेळाडू उघड्या डोक्याने खेळत आणि त्यात त्यांना मर्दुमकी वाटे. १ जानेवारी २०१० पासून संस्थेने शिरस्त्राण सर्वांना सक्तीचे केले. खेळाडूवर सोपवले असते तर डोकी फुटतच राहिली असती. हाताखालच्या माणसाला “तुझे तू पाहा” असे सांगणे हे पुष्कळदा त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखणे नसते. आपल्या अंगावरची जबाबदारी झटकणे असते.

पण डोक्याहून अवघड गोष्ट म्हणजे दिवस. आमच्या शाळेत दर जूनमध्ये वेळापत्रक लावताना मी पाहतो: भिंतीवरचा तो चौकटींचा कागद निरुपद्रवी दिसतो, पण कोणाला दुपारी जेवायला सवड मिळेल आणि कोणाला नाही हे त्यावरच ठरलेले असते. आयर्लंडातला वाद वरवर सामन्यांच्या तारखांचा दिसतो, तो असाच आहे. परगण्याच्या संघात जाणारे थोडे. बाकीचे हजारो खेळाडू नुसते गावच्या क्लबाचे. परगण्याचा संघ स्पर्धेत आहे तोवर क्लबांचे सामने ठेवायचे नाहीत, अशी रीत पडली होती. संघ केव्हा हरेल हे आधी कोणाला ठाऊक? मग क्लबाचा खेळाडू उन्हाळाभर वाट पाहत बसे. लग्नाची तारीख धरता येत नसे, प्रवासाचे तिकीट काढता येत नसे. आणि एकदम हिवाळ्याच्या तोंडी चिखलात सामन्यामागून सामने. अखेर २०१७ साली क्लबाच्या खेळाडूंनी आपली संघटना उभी केली. तिची मागणी पैशांची नव्हती. वेळापत्रक ठीक करा, एवढीच ती मागणी होती. २०२१ साली संस्थेने वर्षाचे दोन भाग करण्याचे ठरवले: जुलैअखेरपर्यंत परगण्यांचे सामने, पुढे क्लबांचे. २०२२ पासून ते अमलात आले. आणि मागणी पुरी होताच त्या संघटनेने आपले काम आटोपते घेतले. काम झाल्यावर मोडलेली संघटना मी तरी फारशी पाहिलेली नाही!

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? सरळ पगार द्यावा. आपल्याकडे तेच झाले. आपला हुतूतू, म्हणजे कबड्डी, २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमध्ये बोली लावून खेळला जातो आणि कित्येक गरीब घरांतल्या मुलांना त्याने बरे दिवस दाखवले. त्यात मला गैर वाटत नाही. पण आयर्लंडातली अडचण निराळी आहे. लेट्रिम परगण्याची वस्ती सुमारे ३५ हजार, आणि डब्लिनची चौदा लाखांवर. लेट्रिमचा मुलगा आज लेट्रिमसाठी खेळतो, कारण तो तेथला आहे. पैसा आला की तो पैशाच्या गावी जाईल, आणि लेट्रिमला संघ उरणार नाही. म्हणून त्या लोकांनी पगार नको म्हटले. पण पगार नको म्हणणे आणि काहीच देणे लागत नाही म्हणणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कॉर्कच्या हर्लिंग खेळाडूंनी २००२ च्या अखेरीस संप केला तो याच अंतरावर बोट ठेवण्यासाठी. संघाला डॉक्टर हवा, व्यायामाची सोय हवी, प्रवासाची नीट व्यवस्था हवी, असल्या त्यांच्या मागण्या. हौशी माणसाने संप करावा हे कित्येकांना विपरीत वाटले असेल. मला ते विपरीत वाटत नाही. त्यांच्या मागण्या मान्य झाल्या, ते पुन्हा मैदानावर आले आणि २००४ व २००५ अशी दोन वर्षे त्यांनी अजिंक्यपद जिंकले. मागितल्याने त्यांची हौस काही विटली नाही.

बायकांच्या बाबतीत तर फार उशीर झाला. कमोगी खेळताना अर्धी विजार आणि वरून घागऱ्यासारखा पदर, असा पोशाख त्यांना सक्तीचा होता. तो अडचणीचा होतो, साधी अर्धी विजार घालू द्या, अशी त्यांची साधी मागणी. २०२४ साली ती फेटाळली गेली. ३ मे २०२५ रोजी डब्लिन व किलकेनीच्या मुली विजारी घालूनच मैदानात उतरल्या, तेव्हा पोशाख बदला नाही तर सामना होणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला खास सभा भरली आणि ९८ टक्के मतांनी तो नियम बदलला. जी मागणी आदल्या वर्षी पटत नव्हती ती तीन आठवड्यांत जवळजवळ सर्वांना पटली! आदल्या वर्षी कमी होते ते विचारणे आणि ऐकणे. देणारी माणसे हसतमुख असली की त्यांना काही विचारायचे असते याचा आपल्याला विसर पडतो. ऐन दिवाळीत, चकलीचा सोऱ्या कोणाच्या हातात आहे आणि तो हात केव्हापासून फिरतो आहे, याची आठवण वाचकांनीच आपापल्या घरी करावी.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मी हलके मानत नाही. जेथे तेथे तास मोजू लागलो, नियम आणि सनदा करू लागलो, तर हौसेतला रस सुकून जाईल ही भीती खरी आहे. आईने वाढलेल्या पानाचा हिशेब कोणी ठेवू नये. पण हिशेब देणाऱ्याने ठेवू नये, घेणाऱ्याने ठेवावा. देणारा मोजू लागला की दानाचा व्यवहार होतो. घेणारा मोजू लागला की त्याला कृतज्ञता म्हणतात. उलट, दुसऱ्याच्या श्रमांची मोजदाद नको म्हणून आपण जेव्हा आग्रह धरतो, तेव्हा आयजीच्या जिवावर बायजी उदार होत असते.

घेणाऱ्याने थोडी तोशीस सोसावी लागते, हेही आयर्लंडात दिसले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी हर्लिंगचा आणि तिसऱ्या रविवारी फुटबॉलचा अंतिम सामना होत असे. शाळा नुकत्या उघडलेल्या, वर्गावर्गांतून आपल्या परगण्याच्या रंगांची निशाणे, आणि पोरांच्या तोंडी दुसरा विषय नाही. आता अंतिम सामने जुलैतच, शाळांना सुटी असताना, उरकतात. सप्टेंबर सुना झाला म्हणून पुष्कळ लोक हळहळतात. पोरांची मने दुसऱ्या खेळांकडे वळतील असे बोलतात. सामने थोडे पुढे न्या, अशी मागणी होतच असते. त्यांचे दुःख खोटे नाही. एका मास्तराला तर ते चांगलेच समजते.

पण त्याच सप्टेंबरात आता कोठल्या तरी खेड्यात, पावसापूर्वीच्या कोरड्या हिरवळीवर, तीस जण आपल्या गावच्या क्लबाचा सामना खेळत असतात. पाहायला फार तर काहीशे माणसे. त्यांतला कोणी सुतार असेल, कोणी गवळी, कोणाचे पुढच्या महिन्यात लग्न असेल. आणि लग्नाची तारीख त्याला वसंतातच धरता आलेली असते. ८२ हजारांनी आपला सप्टेंबर सोडला तेव्हा या तिसांना तो मिळाला. हौसेला मोल असेल तर ते असे चुकवायचे असते.