नावात विद्यापीठ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत विद्यापीठ आहे म्हटलं की बाहेरचा माणूस हमखास विचारतो, ‘कुलगुरू कोण?’ मग त्याला समजावून सांगावं लागतं, की हे तसलं विद्यापीठ नव्हे. मौनी विद्यापीठ १९५२ साली निघालं तेव्हा कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठसुद्धा नव्हतं. त्याला १९६२ उजाडलं. पदव्या वाटण्याचा अधिकार गारगोटीला कधीच नव्हता. नाव मात्र विद्यापीठ. असहकाराच्या काळात गुजरात, काशी आणि टिळक विद्यापीठांनी या शब्दाला जो अर्थ दिला होता, तो इथे घेतलेला दिसतो: सरकारी शिक्का नसला तरी चालेल, विद्येची बैठक हवी. ‘मौनी’ हे नाव आलं पाटगावच्या मौनी महाराजांवरून. न बोलणाऱ्या साधूच्या नावाने शिक्षणसंस्था काढावी याची मला नेहमी गंमत वाटते. आपल्याकडे वर्गात गुरुजी सोडून सगळ्यांनी मौनच पाळायचं असतं म्हणा.

शाळेचा सुरुवातीचा इतिहास म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते ती महोत्सवी स्मरणिका. पहिल्या पानावर संस्थापकाचा हार घातलेला फोटो, मग मंत्र्यांचे संदेश, मग देणगीदारांची यादी. पोरं असतात ती फक्त संचलनाच्या फोटोत. पण पोरं शाळेत आणायला कायदा लागला: ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १८८० च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला दंड, ही तरतूद दोन्हीकडे होती. म्हणजे शाळा काढणारा आणि शाळेत पोर धाडणारा यांची मतं पहिल्या दिवसापासून जुळत होती, असं कुठेच नव्हतं. शाळेचा खरा इतिहास या न जुळण्यात असतो, आणि स्मरणिकेत नेमका तोच नसतो.

मौनी विद्यापीठाचे संस्थापक डॉ. जे. पी. नाईक जवळच्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हे नाव स्वातंत्र्यचळवळीच्या धामधुमीत घेतलेलं, ते कायमचं चिकटलं. तुरुंगवास झाला, धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरीत ग्रामसुधारणेचं काम झालं, सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर ब्रिटिश अमदानीतल्या भारतीय शिक्षणाचा जाडजूड इतिहासही लिहून झाला. इंग्रजांनी उभी केलेली शाळा गावातल्या हुशार पोराला उचलून शहरात नेते आणि गाव होतं तसंच राहतं, ही त्या पिढीची सल होती. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर आत, वेदगंगेच्या काठी नाईकांनी संस्था काढली ती हे उलटं करून बघायला. शिकलेल्याने गावातच राहावं, शेती, सहकार, आरोग्य, बांधकाम यांतलं काही करावं. त्यांच्या पत्नी, शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांनीही इथल्या कामाला हात लावला.

दिल्लीतही तेव्हा हेच वारं होतं. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली, श्रीमाळी समितीने तिला आकार दिला आणि १९५६ साली देशात ग्रामीण उच्च शिक्षणाच्या मोजक्या संस्था निवडल्या गेल्या. आजच्या महाराष्ट्रातून अमरावती आणि गारगोटी. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, ग्रामसेवेची पदविका. नोकरीपुरती ती पदवीच्या बरोबरीची, असं सरकारने मान्यही केलं.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पदवीच्या बरोबरीची, म्हणजे पदवी नव्हे. पुढे एम.ए.ला बसायचं तर एखादं विद्यापीठ दार उघडी, एखादं नाही. ‘मग सरळ बी.ए.च का नको?’ या बापाच्या प्रश्नाला कुठल्याच समितीकडे उत्तर नव्हतं. हळूहळू देशभरच्या या संस्था नेहमीच्या विद्यापीठांना जोडल्या गेल्या. गारगोटीतही मौनी विद्यापीठाचं कर्मवीर हिरे महाविद्यालय इतर चार महाविद्यालयांसारखंच झालं.

या घडामोडीला एक ध्येयवादी प्रयोग फसला असं म्हणायची पद्धत आहे. लोकांना नोकरीचीच हाव, गावाला दृष्टी नाही, वगैरे. मला हे पटत नाही. गारगोटीच्या भुदरगड तालुक्यातल्या शेतकऱ्याला दृष्टी होतीच. पदविकेत दडलेली मेख त्याला आधी दिसली. शहरातल्या मुलाला पदवी, खेड्यातल्या मुलाला खेड्यापुरतं शिक्षण! ही वाटणी करणाऱ्यांचा हेतू सोन्यासारखा होता, पण त्यांच्यापैकी कितीजण स्वतःच्या मुलाला ग्रामसेवेची पदविका देणार होते? १३ डिसेंबर १९४२ च्या रात्री गारगोटीचा सरकारी खजिना लुटताना सात स्वातंत्र्यसैनिक गोळीला बळी पडले. अशा तालुक्याला ‘तुमच्यासाठी हे बरं आहे’ असं वरून सांगितलेलं रुचेल कसं? लोकांनी निषेधाचा ठराव केला नाही की मोर्चा काढला नाही, फक्त दुसरीकडे अर्ज भरले. शिक्षणावरचा हा अभिप्राय मी कुठल्याही आयोगाच्या अहवालाइतका गंभीरपणे घेईन.

नाईकांनीही हा अभिप्राय तसाच घेतला असावा, असा माझा अंदाज आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते, आणि त्या आयोगाने आग्रह धरला तो समान शाळेचा: श्रीमंत, गरीब सगळ्यांची मुलं एकाच शेजारशाळेत. ती सूचना देशाने कशी गुंडाळून ठेवली, तो वेगळा विषय.

मध्यंतरी वडिलांच्या दाखल्यासाठी एका आडगावच्या शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर चाळायला मिळालं. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीने १ जून, १ जून, १ जून. गुरुजींनी अख्ख्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. जातीच्या दाखल्यासाठी लोक येतात ते मधल्या रकान्याकडे. शेवटचा रकाना कोणी बघत नाही: शाळा सोडल्याचं कारण. ‘शेतकाम’, ‘सतत गैरहजर’, ‘परगावी’. त्या ‘परगावी’च्या पुढेच मुंबईचं गिरणगाव सुरू होतं.

गारगोटीचा इतिहास लिहायचा तर तो या रकान्यावरून लिहावा. पदविका घेतलेली पहिली मुलं कुठे गेली, किती गावात राहिली, किती मुंबईच्या एस.टी.त बसली. त्याच यादीत खुद्द संस्थापकांचंही नाव घालावं लागेल. तेही पुढे दिल्लीला गेले आणि देशाचं शिक्षण तिथे बसून बघू लागले. रजिस्टरात घोटगे, विठ्ठल हरी यांच्यापुढे गुरुजींनी कारण लिहिलं असतं: परगावी.