डोळ्यांखालची वर्षे

डोळ्यांखालच्या पिशव्या शस्त्रक्रियेने काढून घेणे म्हणजे निव्वळ नट्टापट्टा, असा निवाडा आमच्या तिवशात चटकन दिला जातो. मला तो घाईचा वाटतो. टिपूच्या शिपायांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याजवळ एका देशी शल्यकाने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवून दिले. १७९४ साली लंडनच्या मासिकात त्याची हकीकत छापून आली. त्याला कोण नटवा म्हणेल?

नाक आणि पिशवी यांत अंतर आहे, हे खरे. परंतु वयाने सैल पडलेल्या पडद्यातून चरबी पुढे आली, की रात्रभर स्वस्थ झोपलेल्या माणसालाही ‘बरं नाही का?’ असे विचारले जाते. तेव्हा चेहराच खोटे बोलत असतो.

शल्यवैद्य पापणीच्या आतून किंवा तिच्या केसांलगत छेद घेऊन ही चरबी काढतो वा सरकवतो. एक-दोन आठवडे सूज व काळेनिळे वळ राहतात. कातडी जास्त कापली गेली, तर पापणी खाली ओढली जाऊन डोळा कोरडा पडतो. कडेच्या सुरकुत्या तशाच राहतात.

म्हणून अपेक्षा बेताची असावी. पन्नाशीचा माणूस ताजातवाना दिसला, तर ते खरे असू शकते. त्याला पंचविशीचा दिसायचे असेल, तर कोणताही छेद पुरा पडणार नाही.